वरच्या फळीवरचा रुमाल

आमच्या कबड्डी स्पर्धेत फायनलची शिट्टी पंच वाजवतो, पण ती कधी वाजवायची ते मी सांगतो. गॅलरीच्या सगळ्यात वरच्या फळीवर उभा राहून मी पांढरा रुमाल हलवतो, मग पंच शिट्टी तोंडात घालतो. एकतीस वर्षं हे काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या कुणाला मी दिलं नाही आणि खरं सांगायचं तर कुणी मागितलंही नाही.

हा रुमाल मान म्हणून सुरू झालेला नव्हे. डोंबिवलीत पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमच्या मंडळाचं मैदान. संक्रांतीच्या आठवड्यात स्पर्धा. एका वर्षी फायनल सुरू झाली तेव्हा लोक अजून बांबूच्या गॅलरीवर चढतच होते. पहिल्याच चढाईला दोन गडी मारले, खाली आरडाओरडा झाला, मागचे पुढच्यांना रेटायला लागले आणि वरची फळी सटकली. तिघे खाली आले, त्यातल्या एकाचा पाय मोडला. तेव्हा ठरलं, की वरची फळी भरून सगळे नीट टेकल्याशिवाय शिट्टी नाही. ते बघायला वर एक माणूस पाहिजे. मी नुकतंच खेळणं सोडलेलं, उंची होती आणि मी ओरडलो की लोक खाली बसायचे. म्हणून मी.

म्हणजे वरची फळी भरली का, हा प्रश्न गर्दी आवरण्यासाठी होता. ती भरणारच नाही असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. कोकणातून मामाकडे आलेलो, तेव्हा ओठांवर मिसरूड पण नव्हती. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मला नोकरी लागली ती कबड्डीवर. त्या काळी कंपन्यांच्या टीम असायच्या. साहेबाने माझा फॉर्म उघडून बघितला नाही, माझ्या मांड्या बघितल्या आणि बोलला, उद्यापासून ये. बारा वर्षं कंपनीकडून खेळलो, मग मशीनवर उभा राहिलो आणि मशीनवरच रिटायर झालो. जे काही मिळालं ते या खेळाने दिलं. घर, बायको, डोंबिवलीत चार लोकांत नाव. बायको यासाठी म्हणतो, की सासऱ्यांनी मला पहिल्यांदा बघितलं ते मैदानातच, चिखलाने भरलेला. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, मुलगा दमाचा आहे.

गॅलरी कशी असायची ते सांगतो, कारण आता ती बघितलेली माणसं कमी होत चाललीत. मैदानाच्या चारी बाजूंना सात सात पायऱ्या. खाली बांबू, वर फळ्या, सगळं काथ्याने बांधलेलं, एक खिळा नाही. दुपारपासून बाया जागेवर वर्तमानपत्र ठेवून त्यावर वीट ठेवायच्या. संध्याकाळी माणसं चढायची ती चपला हातात घेऊन. पायात ठेवल्या तर फळ्यांच्या फटीतून खाली पडतात, आणि खाली पडलेली चप्पल मॅच संपेपर्यंत मिळत नाही. म्हणून आमच्या गॅलरीवर जो बसतो त्याच्या काखेत चपला असतात. नवा माणूस कोण, जुना कोण, ते त्यावरून कळायचं. कल्याणपलीकडच्या मोहने गावची टीम आली की तिच्यामागे दोन ट्रक भरून माणसं यायची. ते लोक एक बाजू पूर्ण धरायचे आणि आमच्या पोरांना अशा शिव्या घालायचे, की आमच्या पोरांना हसू यायचं आणि दम सुटायचा.

मग केबल आली. हे मी लपवणार नाही. केबलवाल्याला मैदानात खांब पुरायला जागा मीच दाखवली, खड्डा पण मीच खणला. मला वाटलं, आपला खेळ घराघरात दिसेल. पहिल्या वर्षी मी रुमाल हलवला आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाली बोलली, काका तुम्हाला टीव्हीत बघितलं. मी दोन दिवस छाती काढून फिरलो. तिला विचारलं नाही, की तू दरवर्षी दुसऱ्या पायरीवर बसायचीस, या वर्षी टीव्हीत का बघितलंस.

आधी खालच्या पायऱ्या भरायला उशीर व्हायला लागला. मग कोपरे रिकामे राहायला लागले. आम्ही बोलायचो, लोक घरी बघतात, बघतात तरी. मग केबलवाला एके वर्षी बोलला, की घरी पण कुणी बघत नाही, तुमच्या वेळेला सगळे सिरियल लावतात. पूर्वी तो आमच्याकडे परवानगी मागायला यायचा, आता आम्हीच त्याच्या ऑफिसात जाऊन बाकड्यावर बसायला लागलो. मग मोबाईलवर लाईव्ह आलं. त्यात एका कोपऱ्यात डोळ्याचं चित्र असतं आणि पुढे आकडा, की आत्ता किती जण बघतायत. मागच्या वर्षी सेमी फायनलला तो आकडा सतरा होता. त्यातला एक मोबाईल कॅमेरावाल्याचा स्वतःचा, आवाज नीट जातोय का ते बघायला उघडलेला.

कारणं लोक बरीच सांगतात, मला ती पटतात पण. पूर्वी डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत स्पर्धा तीन. आता प्रत्येक नाक्यावरच्या पुढाऱ्याचा चषक. या शनिवारी याचा वाढदिवस, पुढच्या शनिवारी त्याच्या वडिलांची आठवण. त्याच टीम, तीच पोरं, फक्त बॅनरवरचा फोटो वेगळा. माणूस किती वेळा बघणार. आणि टीव्हीवरची मोठी लीग सुरू झाल्यापासून चांगला खेळाडू मातीत उतरायला घाबरतो. गेल्या वेळी एका मोठ्या चढाईपटूचा बॅनर आम्ही पार स्टेशनपर्यंत लावलेला. तो आला. सोफ्यावर बसला, पोरींबरोबर फोटो काढले, नारळ घेतला आणि गेला. लीगचा कॅम्प आहे म्हणे, गुडघा जपायला सांगितलंय. मी त्याच्यामागे गेलो आणि बोललो, बाबा रे, मी गळ्याचं हाड मोडलेलं असताना फायनल खेळलोय. तो हसून बोलला, "काका, मग तुम्हाला काय मिळालं?"

उजव्या हाताने मला आजही भरलेली बादली उचलता येत नाही.

तर दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये अध्यक्षाने विषय काढला. आमचा अध्यक्ष चाळिशीतला आहे. त्याचा बाप माझ्याबरोबर उजव्या कोपऱ्यात खेळायचा, आता तो नाही. हा पोरगा माझ्या मांडीवर बसून गॅलरीत शेंगा खाल्लेला. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की स्पर्धेला कुणी येत नाही, कुणी बघत नाही, बॅनरवाले पैसे द्यायला तयार नाहीत. त्याच आठवड्यात मैदानावर फूड फेस्टिवल ठेवू, गर्दी होईल. कमिटीतली पोरं माना हलवायला लागली.

मी उभा राहिलो. खरं तर गुडघ्यामुळे मला उभं राहायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात राग कमी झाला असता तर बरं झालं असतं. मी बोललो, या वर्षी गॅलरी भरून दाखवतो. चारी बाजू, सात पायऱ्या, वरची फळी. नाही भरली तर स्पर्धा बंद करायला पहिला हात माझा.

अध्यक्ष बोलला, "काका, कशाला शब्द देताय?"

"दिला."

मीटिंगच्या वहीत लिहून घेतलं गेलं. बायकोला घरी येऊन सांगितलं तर ती फक्त एवढंच बोलली, की तुम्ही घरातल्या चार माणसांना एका वेळी जेवायला बसवू शकत नाही, आणि चारी बाजू भरणार.

दोन महिने मी फिरलो. जुन्या चाळी होत्या तिथे आता टॉवर आहेत. खाली वॉचमन विचारतो, किसके यहां जाना है. मी सांगायचो, सगळ्यांकडे. तो गेट उघडायचा नाही. एका टॉवरच्या सेक्रेटरीने निमंत्रणाचा फोटो काढून घेतला आणि बोलला, ग्रुपवर टाकतो. मी विचारलं, किती येतील. तो बोलला, लाईक तर भरपूर येतील. वागळे इस्टेटला जुने कंपनीवाले भेटतील म्हणून गेलेलो, तर आमच्या कंपनीच्या जागी काचेची बिल्डिंग. बाहेर चहाच्या टपरीवर एकच ओळखीचा निघाला, त्याला पण डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. तो बोलला, आलो असतो रे, पण कुणीतरी आणायला पाहिजे.

मुलाकडे गेलो. तो घोडबंदर रोडला राहतो, एकविसाव्या मजल्यावर. त्याच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे. त्याला बोललो, फायनलला ये, सुनेला घेऊन ये. तो बोलला, "बाबा, शनिवारी संध्याकाळी इकडून डोंबिवली म्हणजे तीन तास. मी लाईव्ह बघतो ना. टीव्हीला लावतो, मोठं दिसेल." मी त्याला बोललो, की तू त्या गॅलरीवर चालायला शिकलास. तो बोलला, "बघतो म्हटलं ना." आणि खरंच, मनापासून बोलला तो. त्यात कमी काय आहे, ते मला त्याला सांगता येईना.

फायनलच्या आधी दोन दिवस कॅमेरावाला पोरगा माझ्याकडे आला. शहाणा होता. बोलला, काका, चारी बाजूंना गॅलरी नको. कॅमेऱ्याच्या समोर एकच बाजू बांधा. जी काही माणसं येतील ती तिथे बसवू. बघणाऱ्याला वाटेल हाऊसफुल. आता सगळेच असं करतात, मोठ्या मोठ्या स्टेडियममध्ये पण करतात.

मी त्याला बोललो, कबड्डी माणसांच्या मध्ये खेळतात. एका बाजूला माणसं आणि तीन बाजूंना भिंत असेल तर त्याला नाटक म्हणतात. लोकांना खोटं दाखवायचं नाही. तो खांदे उडवून गेला. आणि मी बांबूवाल्याकडून चारी बाजू बांधून घेतल्या, पूर्वीसारख्या. त्याने फळ्या आणल्या तेव्हा मी स्वतः एकेक फळी हाताने दाबून बघितली. माती मी चाळलेली, पाणी मी मारलेलं, फक्कीच्या रेषा पण मीच ओढलेल्या. मॅट आणू दिली नव्हती.

फायनलच्या दिवशी सेमी फायनल पाचला झाली. गॅलरीवर मिळून शंभर माणसं पण नव्हती, त्यातली निम्मी खेळाडूंचे मित्र. सात पायऱ्यांच्या चार बाजू रिकाम्या असल्या की किती मोठ्या दिसतात, ते मला त्या दिवशी कळलं. कमी बांधली असती तर एवढी उघडी पडली नसती. मैदान म्हणजे जेवणावळीचं मोठं पातेलं आणि तळाला मूठभर भात. मी साडेसहाला वर चढलो, रुमाल खिशात. बायकोने इस्त्री करून दिलेला. अध्यक्ष खालून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मी ठरवलेलं, फळी भरल्याशिवाय रुमाल काढायचा नाही. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तोपर्यंत बसेन. पंच दोनदा माझ्याकडे बघून गेला. टीम हात चोळत उभ्या होत्या, थंडी पडायला लागलेली. समालोचक बोलत राहिला, की काहीच मिनिटांत थराराला सुरुवात होणार आहे, आणि तेच तो अर्धा तास बोलत होता.

सात वाजता गेटकडून माणसं यायला लागली. आधी दहा, मग रांग. बाया जास्त होत्या, काही पुरुष. रांग संपेना. पूर्वेची बाजू भरली, मग दक्षिणेची. मी फळीला धरून बसलो. मी मनात बोललो, टॉवरवाले आले. सेक्रेटरीने ग्रुपवर टाकलं ते कामाला आलं. मला प्रत्येक बाईत ती भाजीवाली दिसायला लागली. चारी बाजू भरल्या, कोपरे भरले, आणि माझ्या दोन्ही हातांना वरच्या फळीवर माणसं येऊन बसली. मी उभा राहिलो. रुमाल काढला आणि एवढा हलवला, की खांद्यातलं ते जुनं हाड दुखलं. शिट्टी वाजली.

एक गोष्ट माझ्या डोळ्याने तेव्हाच बघितलेली, फक्त मनाने घेतली नव्हती. त्यांच्या चपला पायात होत्या. आणि सगळ्यांच्या हातात एकाच कंपनीची पाण्याची बाटली होती.

पहिल्याच चढाईला आमच्याकडच्या पोराने बोनस घेतला. गॅलरी गप्प. मग समालोचक बोलला, जोरदार टाळ्या, तशा सगळीकडून एकदम टाळ्या आल्या आणि एकदम थांबल्या. पुढच्या पकडीला पण तेच. माझ्या शेजारी एक बाई बसलेली, पन्नाशीची, पदर घट्ट खोचलेला. ती थोडा वेळ बघत राहिली, मग मला विचारलं, "दादा, साहेब कधी येणार?"

मी विचारलं, कोण साहेब.

"भाषण करणारे. आम्हाला सांगितलं सभा आहे. साडेसातपर्यंत बसायचं, मग गाडी सोडते."

समोर चढाई चालू होती, तिकडे बघत बसलो. मग तिला विचारलं, कुठून आलात. ती बोलली, मोहन्याहून, तिथल्या चार गाड्या आणि शहाडच्या चार. पाकीट गाडीतच मिळालं, वडापाव आणि ही बाटली. बोलणं साधं होतं तिचं, लपवायचं असं तिच्याकडे काही नव्हतंच. माझ्याकडे होतं.

मोहने ऐकल्यावर मी बोललो, की मोहन्याची टीम पूर्वी इथे यायची, दोन ट्रक भरून माणसं घेऊन. ती माझ्याकडे वळून बसली. "आमचे सासरे यायचे. हेच मैदान का ते? खाडीजवळचं? घरी येऊन आठ दिवस तेच सांगायचे. कुणीतरी उंच माणूस होता म्हणे तुमच्याकडे, त्याला पकडताच यायचं नाही."

मी बोललो, "पकडायचे कधी कधी."

मग ती खेळ बघायला लागली. मला विचारत गेली, तो बाहेर गेलेला परत आत कसा आला, हा एकटाच का राहिला. मी सांगत गेलो. एक गडी मारला की आपला एक उठतो. सगळे मारले की लोण. एकटा उरलेला पोरगा आमच्याच बाजूचा होता, त्याने पकडणाऱ्या तीन जणांना मध्यरेषेपर्यंत ओढत नेलं आणि बोटाच्या टोकाने रेषा गाठली, तेव्हा ही बाई कुणी न सांगता ओरडली. चप्पल पायातून सुटून खाली गेली तरी तिला कळलं नाही. त्या सगळ्या गॅलरीत ती एक आणि मी, दोघेच ओरडलेलो. त्या वेळात मी विसरलो, की ती कशी आलेली.

मध्यंतराला बाहेर हॉर्न वाजला. तीनदा. माणसं उठली, जशी आली तशी रांगेने. फळ्या करकरल्या. समालोचक बोलत होता, कुणी जागा सोडू नये, खरी चुरस पुढेच आहे. बाई उठली, परत बसली, परत उठली. खाली तिच्या बरोबरच्या बाया हाका मारत होत्या. तिने मला विचारलं, "कोण जिंकलं ते कसं कळणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मोबाईलवर बघा."

"माझा बटणाचा आहे," ती बोलली आणि एका पायात चप्पल घालून उतरायला लागली. दुसरी खाली फटीतून पडलेली. शोधायला वेळ नव्हता. ती तशीच गाडीकडे गेली.

दुसरा हाफ खेळला गेला. मी वरच बसून राहिलो, चारी बाजूंना सात सात पायऱ्या. आमची टीम दोन गुणांनी हरली. शेवटच्या चढाईला त्या पोराची मांडी फुटून रक्त आलं, तरी तो दम सोडत नव्हता. कुणासाठी करत होता कुणास ठाऊक. बक्षीस समारंभाला अध्यक्षाने मला स्टेजवर बोलावलं, मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

खाली उतरल्यावर बांबूंच्या मध्ये वाकून ती चप्पल काढली. निळ्या पट्ट्याची, टाच झिजलेली. कार्यालयाच्या खिडकीत ठेवली. नंतर कधीतरी झाडणाऱ्याने टाकून दिली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन. आवाजात आनंद होता. "बाबा, मानलं तुम्हाला. गॅलरी फुल होती. तुमच्या सुनेला पण दाखवलं, तुम्ही रुमाल हलवताना."

मी विचारलं, शेवटपर्यंत बघितलीस का.

"नाही, मध्येच ऑफिसचा कॉल आला. मग राहिलं. आपण जिंकलो ना?"

मी हो बोललो. फोन ठेवला. आयुष्यात या मैदानाबद्दल मी खोटं बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते पण इतकं सहज, की बायको चहा गाळत होती, तिने मान पण वर केली नाही.

त्याच रविवारी दुपारी मीटिंग होती. अध्यक्षाने मोबाईलवर फोटो फिरवले. गॅलरी खच्चून भरलेली, वर मी, हात उंच. बॅनरवाले खूश आहेत, केबलवाला पण खूश. तो बोलला, काकांनी शब्द खरा केला, पुढच्या वर्षी स्पर्धा होणार. टाळ्या वाजल्या. वही माझ्यापुढे सरकवली, सही करायला. सही मी करतो, अंगठा देत नाही.

पेन हातात घेतलं. सही केली असती तर स्पर्धा राहिली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी बोललो, "गॅलरी भरली नव्हती."

मग अध्यक्ष हळू बोलला, "काका, रुमाल तुम्ही दाखवलात."

"दाखवला. न बघता दाखवला. चूक माझी."

कमिटीतला एक पोरगा वैतागून बोलला, की तुम्हालाच स्पर्धा पाहिजे होती ना, मग आता काय अडचण आहे, गप्प बसलात तर सगळं नीट चाललंय. त्याचं चुकलं नव्हतं. मी त्याला बोललो, पाहिजे होती, आजही पाहिजे. पण या वर्षी आठ गाड्या आणल्या, पुढच्या वर्षी बारा आणाल. मी वर उभा राहून बघायचं काय? माणसं टेकली का, की पाकिटं पोचली का?

वहीत माझा दिवाळीचा शब्द लिहिलेला होता. मी तो वाचून दाखवला, अडखळत, कारण दुसऱ्याच्या अक्षरातलं मला सावकाश वाचावं लागतं. मग हात वर केला. उजवा जेवढा वर जातो तेवढा. नंतर एकेक करून बाकीचे हात वर गेले. अध्यक्षाचा सगळ्यात शेवटी.

बाहेर आल्यावर तो माझ्याबरोबर गेटपर्यंत चालत आला. मी त्याला दोन शिव्या घालायच्या म्हणून तयारीत होतो. तो बोलला, "काका, मी कमिटीसाठी नाही केलं. बॅनरवाल्यांसाठी पण नाही. तुम्ही त्या रिकाम्या गॅलरीवर दहा वाजेपर्यंत बसला असता. मला माहीत आहे, बसलाच असता. मला ते बघवलं नसतं." त्याच्या बापाचं असंच होतं. पकड सुटली की समोरच्याकडे न बघता मातीकडे बघायचा. मी शिव्या घातल्या नाहीत. गाड्यांचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून दिलेले, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

सोमवारी बांबूवाला गॅलरी सोडायला आला. दरवर्षी काथ्या कापताना तो मला विचारतो, काका, पुढच्या वर्षी किती पायऱ्या. मी सांगतो, सात. यावेळी त्याने विचारलं नाही. फूड फेस्टिवलच्या मांडवाचं काम त्यालाच मिळालेलं, रविवारी संध्याकाळीच त्याला फोन गेलेला.

मी मैदानात पोचलो तेव्हा दोन बाजू उतरून झालेल्या. मी त्याला बोललो, ती माझी बाजू आहे ना, तिची वरची फळी शेवटी काढ. तो दात नसलेलं हसला आणि जमिनीवरच्या ढिगाकडे बोट दाखवलं. वरची फळीच आधी काढावी लागते, त्याने सांगितलं. खालून सुरुवात केली तर सगळं अंगावर येतं.